निवडून येण्याची क्षमता ही पात्रता नव्हे

विधानसभेची निवडणूक जवळ आली की पक्षापक्षांच्या कचेऱ्यांतून इच्छुकांच्या मुलाखती सुरू होतात, आणि त्या मुलाखती देऊन बाहेर पडलेला इच्छुक वार्ताहरांना जे सांगतो ते बहुधा ठरलेले असते: मतदारसंघातील बूथ आपण बांधलेले आहेत, अमुक समाजाची इतकी मते आपल्या पाठीशी आहेत, तमुक समाजाची इतकी फुटणार आहेत आणि खर्चाची तजवीज झालेली आहे. पीकविम्याचे काय करावे, जिल्हा परिषदेच्या शाळा पटसंख्येअभावी बंद कराव्यात की चालवाव्यात, धरणाचे पाणी आधी उसाला द्यावे की पिण्याला, यांविषयी त्याला आत कोणी काही विचारलेले नसते, आणि आपल्याला विचारले नाही याचे त्यालाही वैषम्य वाटलेले नसते. या पद्धतीला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ असे भारदस्त नाव देण्यात आले आहे. वृत्तपत्रांतील राजकीय विश्लेषक ते नाव आदराने उच्चारतात, आणि उमेदवाराचे पूर्वचरित्र व त्याची धोरणे यांची चौकशी करू पाहणाऱ्याला भाबडा समजण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे, की त्याचा प्रतिवाद करण्याची गरजही फार थोड्यांना वाटते. मला ती तीव्रतेने वाटते.

प्रथम विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे. तो पक्ष म्हणतो: आमदाराचे काम म्हणजे रस्ता आणणे, सभामंडप बांधणे, पोलीस ठाण्यात शब्द टाकणे आणि रुग्णालयातील बिल कमी करून देणे, सभागृहात तो पक्षाच्या आदेशाप्रमाणे हात वर करणार, तेव्हा त्याची स्वतःची मते कोणती हा प्रश्नच गैरलागू आहे, त्याच्यावर खटले असतील तर ते राजकीय वैरातून झालेले असतात, तत्त्वाने चालणाऱ्याचे डिपॉझिट जप्त होते, आणि सरतेशेवटी, मतदारालाच या गोष्टींची पर्वा नाही. ही सर्व विधाने मोठ्या अनुभवाचा आव आणून केली जातात. अनुभवाचाच दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यावा. अर्धा देऊन अनुभवी म्हणवून घेण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

रस्ता आणि सभामंडप यांपासूनच आरंभ करू. महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपयांचा निधी मिळतो. विधानसभेचे 288 सदस्य धरले तर ही रक्कम 1,440 कोटी होते. 2025-26 साली याच सभागृहापुढे आलेला राज्याचा अर्थसंकल्प 7,00,020 कोटी रुपयांचा होता. म्हणजे राज्य खर्च करते त्या दर पाचशे रुपयांमागे जेमतेम एक रुपया आमदाराच्या निधीचा असतो, आणि उरलेले चारशे नव्याण्णव कोठे जावेत हे ठरविण्याचा अधिकार घटनेने त्याच्या मताकडे सोपविलेला असतो. ज्या एका रुपयातून नामफलक लागतात त्यावरून माणूस पारखायचा आणि ज्या चारशे नव्याण्णव रुपयांतून दवाखाने, कालवे, शिक्षक आणि पोलीस चालतात त्यांविषयी त्याला चकार शब्द विचारायचा नाही, याला व्यवहारदक्षता म्हणावे काय? शेती, जमीन, पाणी, सार्वजनिक आरोग्य, पोलीस, स्थानिक स्वराज्य संस्था हे सारे विषय राज्यसूचीतील आहेत. कुळाला जमिनीचा मालक करणारा कुळकायदा आणि मोठ्या जमीनदाराची जादा जमीन काढून घेणारा कमाल जमीनधारणेचा कायदा हे दोन्ही राज्याच्या विधिमंडळाने केलेले कायदे आहेत. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव कोणत्या कायद्याने लागले हे ज्या घरात माहीत आहे, त्या घराला आमदाराच्या मतांचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

शेताच्या कज्जात मुखत्यारपत्र देताना आपण त्या मनुष्याच्या पूर्वपीठिकेची चौकशी करून घेतो, तो कोणाच्या बाजूचा आहे हे पाहतो आणि त्याला सही करण्याचा अधिकार कोठपर्यंत द्यायचा हे कागदावर लिहून घेतो. कायदे करण्याचे मुखत्यारपत्र मात्र पाच वर्षांसाठी, कोरे आणि अपरिवर्तनीय, केवळ तो जिंकेल या भरवशावर द्यावे, असा हा उपदेश आहे.

आता पक्षादेशाचा मुद्दा. 1985 साली घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले आणि पक्षाच्या आदेशाविरुद्ध मतदान करणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते अशी तरतूद झाली, हे खरे. परंतु तो आदेश मतदानापुरता असतो. तारांकित प्रश्न विचारणे, लक्षवेधी सूचना देणे, अर्ध्या तासाची चर्चा मागणे, कपात सूचना मांडणे, समितीत बसून विधेयकाचा मसुदा कलमवार तपासणे आणि स्वतःचे अशासकीय विधेयक आणणे यांतील कशालाही पक्षाच्या प्रतोदाची आडकाठी नसते. आडकाठी असते ती सदस्याच्या अज्ञानाची व अनास्थेची. 1986 साली मृणाल गोरे विरोधी बाकांवर होत्या. गर्भलिंगचाचणीच्या विरोधात स्त्री संघटनांनी उभारलेल्या लढ्याला त्यांनी अशासकीय विधेयकाच्या रूपाने विधानसभेत वाट करून दिली. 1988 साली महाराष्ट्राने या चाचण्यांवर नियंत्रण आणणारा देशातील पहिला कायदा केला, आणि संसदेचा कायदा त्यानंतर, 1994 साली आला. गोरेगावच्या नळाच्या पाण्यासाठी मोर्चे काढणारी ही बाई सभागृहात काय करील हे ज्यांना जाणून घ्यायचे होते त्यांना तिच्या पूर्वचरित्रातच त्याचे उत्तर मिळत होते. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांचे उदाहरणही असेच आहे. मागेल त्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, ही त्यांची धारणा कोणत्याही पक्षाच्या प्रतोदाने त्यांना शिकविलेली नव्हती. तिच्यातून आलेल्या रोजगार हमी योजनेचा प्रयोग सांगली जिल्ह्यात झाला, 1972च्या दुष्काळात तिने महाराष्ट्राला हात दिला, 1977 साली तिचा कायदा झाला, आणि 2005 साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा अनुभव उभा होता.

शिवाय ज्या पक्षनिष्ठेच्या भरवशावर उमेदवाराची मते विचारू नका असे सांगितले जाते, तिची आजची अवस्था काय आहे? जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. मतदारांनी ज्या चिन्हांना मते दिली ती चिन्हे कोणाची, हे ठरविण्यासाठी निवडणूक आयोगाकडे आणि सर्वोच्च न्यायालयाकडे जावे लागले. गोव्यात तर जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांना देवळात, क्रुसापुढे आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या गेल्या, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या पक्षाच्या 11 पैकी 8 आमदारांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. कोण कोणत्या बाजूला गेला आणि कोणाचे योग्य होते याचा निवाडा येथे करावयाचा नाही. पक्षाचे नाव पाच वर्षे टिकत नाही, एवढे यावरून सिद्ध होते. आणि ते टिकत नसेल तर मतदाराच्या हाती तारण म्हणून दुसरे काय उरते? त्या मनुष्याने आजवर काय केले आणि तो कोणत्या गोष्टीसाठी बांधील आहे, एवढेच. पक्षादेशाचा मुद्दा पुढे करणाऱ्यांनी खरे म्हणजे उमेदवाराची चौकशी दुप्पट कसोशीने करावयास हवी होती.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचा प्रवास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. ते जुलै 2024 मध्ये प्रथम मांडले गेले, म्हणजे त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील निवडणुकीच्या आधी. नव्या सभागृहात ते पुन्हा आले, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, त्यावर लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या आणि 10 जुलै 2025 रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. त्या दिवशी विरोध नोंदविणारे सदस्य एकच होते, डहाणूचे विनोद निकोले. त्या विधेयकाच्या बाजूने असणाऱ्यालाही आणि विरुद्ध असणाऱ्यालाही माझा प्रश्न एकच आहे. नागरिकाच्या स्वातंत्र्याशी आणि राज्याच्या सुरक्षिततेशी निगडित असा हा मसुदा निवडणुकीपूर्वी चार महिने सर्वांसमोर असताना, आपल्या मतदारसंघातील उमेदवाराला त्याविषयी किती सभांत विचारले गेले? आवाजी मतदानात कोणी काय म्हटले याची नावनिशीवार नोंद राहत नाही, त्यामुळे नंतर जाब विचारण्याचा मार्गही जवळजवळ बंद होतो. जे विचारायचे ते आधीच विचारले पाहिजे, ते याचसाठी.

तत्त्वाने चालणारा पडतो, या विधानाला मी सांगोल्याचे नाव उत्तरादाखल देतो. सोलापूर जिल्ह्यातील हा तालुका पर्जन्यछायेतला, माण नदीचा, वर्षानुवर्षे टँकर आणि चारा छावण्या पाहिलेला. तेथून गणपतराव देशमुख 1962 साली प्रथम निवडून आले आणि 2014 साली अकराव्यांदा. त्यांचा पक्ष आरंभापासून अखेरपर्यंत शेतकरी कामगार पक्ष हाच राहिला, आणि तो पक्ष ऐन भरातला विरोधी पक्ष होता तेव्हाही आणि राज्याच्या राजकारणात त्याची गणती होईनाशी झाली तेव्हाही सांगोल्याने त्यांना पाठविले. दोनदा, 1978 आणि 1999 साली, ते मंत्रिमंडळात गेले. उरलेला जवळजवळ सारा काळ विरोधी बाकांवर गेला. विरोधातल्या आमदाराला निधी मिळत नाही, म्हणून सत्तेत जाणे भाग पडते, असे जे आज बेधडक सांगितले जाते त्याचा याहून स्पष्ट प्रतिदाखला कोणता हवा? सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी त्यांनी उभी केली व चालविली. रोजगार हमी आणि दुष्काळ यांवर बोलायला ते उभे राहिले की सभागृह कान देऊन ऐके, कारण बोलणारा आदल्या दिवशी एस.टी.ने गावाकडून आलेला असे आणि कोणत्या कामावर मजुरी थकली आहे हे त्याला तोंडपाठ असे. कृष्णेचे पाणी वरच्या बागायती पट्ट्यातच जिरून न जाता आटपाडी, सांगोल्यासारख्या तालुक्यांनाही त्याचा समन्यायी वाटा मिळाला पाहिजे, ही भूमिका स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह त्यांनी पाणी परिषदांतून मांडली, आणि ती मांडताना त्यांना बलाढ्य साखरपट्ट्याचा रोष पत्करावा लागला. ते पडलेही होते, 1972 साली आणि 1995 साली. पडल्यावर त्यांनी ना पक्ष बदलला, ना तालुका. तो जुना काळ होता, असे कोणी म्हणेल, तर 2014 हे साल जुन्या काळात मोडत नाही. त्या वर्षीच्या लाटेत भले भले वाहून गेले, आणि नव्वदीच्या उंबरठ्यावरचा हा वकील निवडून आला. त्याच्या मतदाराला त्याचे पूर्वचरित्रही ठाऊक होते आणि पाण्याविषयीचे धोरणही ठाऊक होते. ‘इलेक्टिव्ह मेरिट’चा जो काही अर्थ असेल तो या दोन गोष्टींतूनच तेथे निर्माण झाला होता.

राहिला खटल्यांचा प्रश्न. सर्व खटले राजकीय असतात, हे विधान करणाऱ्याने उमेदवाराचे शपथपत्र, म्हणजे नमुना 26, एकदा तरी हातात घेतले आहे काय, अशी मला शंका येते. ते घ्यावे आणि वाचावे. त्यात प्रत्येक प्रलंबित खटल्याचा प्रथम खबरी अहवालाचा क्रमांक, पोलीस ठाणे, न्यायालय, कलमे आणि आरोप निश्चित झाले आहेत की नाहीत हे रकान्या-रकान्यांतून लिहावे लागते. जुन्या दंडसंहितेतील 143, 188 आणि 341 ही कलमे एकत्र दिसली की हा माणूस बेकायदा जमाव, हुकूमभंग व रस्ता अडविणे यांसाठी पकडला गेला, म्हणजे बहुधा कांद्याच्या भावासाठी किंवा पाण्यासाठी महामार्गावर बसला, हे कोणालाही कळते, आणि अशा खटल्याने त्याची किंमत कमी होत नाही. परंतु 420 आणि 406 ही कलमे फसवणुकीची आणि विश्वासघाताची असतात, 354 हे बाईच्या अब्रूवरील हल्ल्याचे असते, 302 कशाचे असते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. आंदोलनाचे खटले आणि हे सारे एका ओळीत बसवून ‘राजकीय’ म्हणून निकालात काढणे हा आंदोलकाचा अपमान आहे आणि गुन्हेगाराला दिलेले अभय आहे. त्याच शपथपत्रात पुढे जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, खरेदीची तारीख, त्या वेळची किंमत आणि आजची किंमत येते. सोन्याचे वजन येते. बँकेचे कर्ज, थकीत वीजबिल, पाणीपट्टी, उत्पन्नाचे साधन आणि शासनाशी असलेली कंत्राटे येतात. कोणताही रकाना कोरा ठेवता येत नाही, काही नसेल तर तसे लिहावे लागते. ज्याचे उत्पन्नाचे साधन ‘शेती’ एवढेच आहे आणि ज्याच्या जमिनी पाच वर्षांत तिप्पट झाल्या आहेत, त्याला हे कसे घडले असे विचारणे हा कोणता भाबडेपणा आहे?

आणि ही माहिती जर निरर्थक होती, तर ती दडविण्यासाठी एवढी खटपट का झाली? 2 मे 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराचे खटले, मालमत्ता व शिक्षण जाणून घेणे हा मतदाराचा हक्क असल्याचे सांगितले. एरव्ही एका व्यासपीठावर न येणारे पक्ष त्यानंतर सर्वपक्षीय बैठकीत या आदेशाविरुद्ध एकत्र आले, अध्यादेश निघाला, कायद्यात दुरुस्ती झाली, आणि 13 मार्च 2003 रोजी न्यायालयाला ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवून तो हक्क पुन्हा प्रस्थापित करावा लागला. मतदार ज्याची पर्वा करीत नाही असे म्हणतात, त्याची राज्यकर्त्यांना एवढी धास्ती वाटली हे ध्यानात ठेवावे.

13 फेब्रुवारी 2020 रोजी त्याच न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. खटले प्रलंबित असलेल्या माणसाला उमेदवारी द्यायची असेल तर का दिली आणि स्वच्छ चारित्र्याचा दुसरा का मिळाला नाही, हे पक्षाने वृत्तपत्रात छापले पाहिजे, आणि ती कारणे त्या माणसाची पात्रता, कार्य व गुण यांना धरून असली पाहिजेत; केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असा तो हुकूम होता. त्याच वर्षीच्या बिहारच्या निवडणुकीत तो पाळला गेला नाही म्हणून 2021 साली अनेक मोठ्या पक्षांना दंड झाला. म्हणजे आमचे विश्लेषक ज्या कसोटीचा आदराने उच्चार करतात, ती कसोटी अशा उमेदवारांच्या बाबतीत अपुरी असल्याचे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने स्पष्ट शब्दांत सांगितलेले आहे. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत अशी निवेदने निवडणुकीच्या आधी छापून येतात. बारीक टाइपातल्या त्या जाहिरातींत ‘लोकप्रिय’, ‘समाजकार्याची आवड’, ‘जनसंपर्क दांडगा’ अशा धर्तीची कारणे वाचायला मिळतात, आणि ती वाचून कोणत्याही पक्षाच्या कचेरीत विचारणा करायला फारसे कोणी जात नाही. दोष पक्षाचा आहे; परंतु त्या जाहिरातीकडे पाहून पान उलटणाऱ्या आपला त्यात वाटाच नाही, असे मला म्हणवत नाही.

मतदारालाच हे नको आहे, हा शेवटचा आणि सर्वांत उद्दाम आक्षेप. मतदारापुढे जे ताट वाढले जाते त्यातूनच तो उचलतो. पाचही प्रमुख उमेदवार जातीच्या बेरजेवर आणि पैशाच्या थैलीवर निवडायचे, आणि मग मतदाराने त्यांतलाच एक निवडला म्हणून त्याला जात व पैसाच हवा असल्याचा निष्कर्ष काढायचा, ही तर्काची कोणती रीत? आणि धोरणाविषयी विचारण्याची संधी मिळते तेव्हा हाच मतदार काय करतो ते पाहा. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्ग, मूळ आराखड्यानुसार बारा जिल्ह्यांतून जाणारा, सुमारे 802 किलोमीटरचा. त्याच्या भूसंपादनाला कोल्हापूरच्या शेतकऱ्याने 2024च्या निवडणुकीपूर्वी असा विरोध केला, की उमेदवारांना आपली भूमिका जाहीर करणे भाग पडले आणि कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द करावी लागली. निवडणूक झाली, सरकार आले, आणि जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने त्याच महामार्गासाठी 20,787 कोटी रुपयांच्या तरतुदीला मंजुरी दिली. महामार्ग हवा की नको याविषयी दोन मते असू शकतात. परंतु त्या शेतकऱ्याला धोरणाची पर्वा नव्हती असे म्हणणाऱ्याने त्याच्या बांधावर जाऊन ते म्हणावे. त्याने योग्य तोच प्रश्न योग्य वेळी विचारला होता. बदलले ते उत्तर देणारे.

निवडून येण्याची क्षमता म्हणजे पात्रता नव्हे. ती पात्रतेचा पुरावाही नव्हे, कारण ती मोजणारे जे मोजतात त्यात विधिमंडळाच्या कामाचा लवलेश नसतो. उमेदवाराने काल काय केले आणि उद्या सभागृहात तो कशासाठी उभा राहील, या दोन प्रश्नांवाचून त्याच्याविषयी जाणण्यासारखे असे फारसे काही उरत नाही. त्याची जात जन्माने ठरलेली असते आणि त्याचा पैसा त्याच्यापाशीच राहतो. आमदाराला त्याच्या मतांवरून आणि पूर्वचरित्रावरून पारखणे हाच मतदानाचा अर्थ आहे, आणि जो विश्लेषक हे सोडून बेरजा मांडतो तो मतदाराचा वाटाड्या नसून पक्षांचा कारकून आहे.

वाचकांपाशी मागणे एवढेच आहे. पुढच्या वेळी अर्जांची छाननी झाली की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीतून आपल्या मतदारसंघातील प्रत्येक उमेदवाराच्या शपथपत्राची प्रत मिळवावी, ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही असते. ती चार माणसांनी एकत्र बसून वाचावी. शाळा, पाणी, जमीन आणि पोलीस यांविषयी आपल्या तालुक्याचे जे चार प्रश्न असतील ते कागदावर लिहून ठेवावेत, उमेदवार दारी आला की त्याला बसवून ते विचारावेत, आणि त्याने दिलेले उत्तर तारखेसह लिहून घेऊन त्यावर त्याची सही मागावी. जो सही करणार नाही त्याला मत देऊ नये.